हुसेनचाचांच्या घरची नक्कल

कबनूरच्या आण्णांच्या यंत्रमाग कारखान्यात साड्यांच्या काठांची नक्षी काढावी ती हुसेनचाचांनीच. बावीस वर्षं झाली. कोयऱ्या, मोर, रुईफुलं, सगळं कॉम्प्युटरात. दर शुक्रवारी माग बंद असले, की चाचा काळ्या पडद्यावर आरसिंक नावाच्या, नक्कल करायच्या हुकुमाची एक ओळ टाईप करून सगळ्या फायलींची नक्कल इंटरनेटवरून घरच्या कॉम्प्युटरवर धाडायचे. एंटर दाबायच्या आधी ओळीवर बोट ठेवून मोठ्यानं म्हणायचे, "आधी कुठनं, मग कुठं." कामगार हसायचे. हसूद्यात की!

दिवाळीत हे आण्णांच्या कानावर गेलं. भर कारखान्यात कडाडले, "माझा माल घरला न्हेतोस? चोरा!"

चाचांनी त्या दिवसापासून नक्कल धाडणं सोडलं. होती ती मात्र पुसली नाही. बावीस वर्षांचा घाम कोण पुसतं?

तीन महिन्यांनी कारखान्यात नवा कॉम्प्युटर आला. आण्णांचा भाचा अमरसिंह खुर्चीशी येऊन म्हणाला, "चाचा, सरका. जुन्यातल्या नक्ष्या नव्यात न्ह्यायच्या, माझं दोन मिनिटांचं काम हाय." ओळ तीच, पण त्यानं कोरं मशीन आधी टाकलं, जुनं नंतर. वर आणि 'पहिल्यात न्हाय ते दुसऱ्यातनंबी उडव' असा हुकूम जोडला. जुनं मशीन झाडून साफ! आणि बेटा म्हणतो काय, "मशीनच खराब हुतं."

संध्याकाळी आण्णा चाचांच्या दारात. "हुसेन, ती घरची नक्कल हाय न्हवं?"

आतून चाचांची बायको, खैरुनबी, कडाडली, "चोराच्या घरात काय हुडकताय, आण्णा?"

"हाय," चाचा म्हणाले. "दिवाळीपतोरची. पर जिथं चोर म्हणालासा, तिथंच उद्या म्हणा, हुसेन चोर न्हाय. मगच दीन."

"आरं, एवढ्यासाठी?"

"एवढ्यासाठीच."

दुसऱ्या दिवशी माग थांबवले. आण्णा जमिनीकडं बघत पुटपुटले.

"मोठ्यानं, आण्णा!" चाचा म्हणाले. "चोर म्हणालासा तवा माग चालू हुतं, तरी चहाच्या गाड्यापतोर ऐकू आलतं."

"हुसेन चोर न्हाय!"

मग चाचांनी ओळ टाईप केली आणि अमरसिंहाचं बोट धरून पडद्यावर टेकवलं. "वाच."

"आधी... चाचांचं घर. मग कारखाना."

एंटर. फायलींची नावं सरासर खाली पळू लागली. आण्णांचा जीव भांड्यात पडला. "आन् दिवाळीनंतरच्या नक्ष्या रं?"

चाचांनी चष्मा पुसला. "त्या कुठनं आणू? धाडू दिलासा व्हय तुम्ही?"