शेवरीच्या मुळांवरच्या गाठी

मोठ्या जावेचा सूड घ्यायचा, हे मी लग्नानंतरच्या पहिल्याच दसऱ्याला ठरवलं. नदीकाठच्या बाजारात ती माझ्यादेखत गिऱ्हाइकाला म्हणाली, "धाकटीचा झेंडू नका घेऊ बाई, त्याला अजून दात नाय आले."

घरी सासऱ्यांनी पैज लावली. पुढच्या दसऱ्याला जिचा झेंडू जास्त, विहिरीजवळचा तुकडा तिचा.

आमच्या दोघींच्या रानांमध्ये एक बांध. तिचं रान मावळतीला, माझं उगवतीला. पावसाच्या तोंडावर मी बांधावर शेवरीचं बी दाट टोकलं. गाईला पाला होईल, असं घरात सांगितलं. झेंडू कळीवर येईतो शेवरी डोक्याच्या वर गेली. रोज सकाळी जाऊन बघायचे. जावेचा झेंडू सावलीत, उन्हासाठी माना लांबवून किडकिडीत झालेला. पदरात तोंड लपवून हसायचे नि चुलीकडे परतायचे. दुपारनंतर तीच सावली फिरून माझ्या झेंडूवर बसते, हे माझ्यासारख्या शहाणीच्या डोक्यातच आलं नाही. सूर्य मावळतो कुठं, हे शेळीलाही कळतं.

दसऱ्याला दोघींच्या पाट्या रिकाम्या. सासरे म्हणाले, "पुढच्या साली बघू. तवर तिथं मी कोथिंबीर टाकतो."

रागारागानं शेवरी उपटली, तर मुळांना मण्यांसारख्या गाठी. मला वाटलं, रोग. इतका आनंद मला मंगळसूत्र घालतानाही झाला नव्हता. जाऊ माहेरी गेलेली. तिच्या रानात चर खणून मुळं, पाला, सगळा रोग गाडून टाकला.

पुढच्या साली तिचा झेंडू लाडवाएवढा. त्या गाठीच हवेतलं खत धरून जमिनीला देतात, हे फार पुढे शेतकी शिकलेल्या नातवानं सांगितलं. तुकडा तिला गेला.

"धाकटे," ती पाटी उचलता उचलता म्हणाली, "माती उकरलेली मला कळत नाय व्हय? एवढं चांगलं खत, सोताच्या रानात का नाय घातलंस?"

"तुमची काळजी वाटली, जाऊबाई."

मग पुढच्या पावसाळ्यात मी निमूट माझ्या रानात शेवरी पेरली, फुलायच्या आत तिथंच गाडली, वर झेंडू लावला. त्या दसऱ्याला तिच्या दाराला माझ्या फुलांचं तोरण मी स्वतः बांधलं, चांगलं जाड, आत शिरताना तिच्या कपाळाला लागेल असं.

तिनं ते वाळेपर्यंत काढलं नाही. मग उतरवलं, फुलं चुरडून बी काढलं आणि विहिरीजवळच्या तुकड्यात पेरलं.


मी पुन्हा बांधाकडे बघायला लागले. या खेपेला मात्र दुपारी, सावली कुठं पडेल ते धरून.