शेवट गोड का कडू

आमच्या दादाचं दुकान सोलापुरात भर पेठेत होतं. पुढं कंदील, काचा, स्टोव्ह, पातेली, आणि कोपऱ्यात कादंबऱ्यांचं एक कपाट. त्या भाड्यानं वाचायला द्यायच्या. दादानं जन्मात एक कादंबरी वाचली असेल तर शपथ! वाचायची मी, दुकानामागच्या खोलीत, पडद्याआड बसून. सोळाव्या वर्षी कपाळ पांढरं झालं आणि माहेरी परत आले. तेव्हापासून ती खोली आणि मागचं परसू, एवढंच माझं सोलापूर. गिऱ्हाइकांना माझा आवाज ओळखीचा होता. तोंड कुणी पाहिलेलं नव्हतं, आणि विधवेचं तोंड पाहायची हौस तरी कुणाला असणार?

कादंबरी हातात घेतली की गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न ठरलेला, "शेवट गोड का कडू?" दादा मान न वळवता विचारी, "काय गं?" आणि मी आतून सांगायची, "गोड," नाहीतर "कडू." घरात पोटुशी बाई असली तर कडू पुस्तक चालत नसे. गरोदर बाईच्या कानावर मरण पडू नये म्हणे. पण खरी मागणी कडू पुस्तकांनाच! त्यावर आमच्या पेठेतल्या बायकांनी तोड काढली होती. शेवटची पानं शिवून न्यायची. मी लाल दोऱ्यानं कडेला चार टाके घालून द्यायची आणि बाळंतपण पार पडलं की घरच्यांनी तो दोरा कापायचा. दादा कुरकुरायचा, "पुस्तकांना भोकं पाडतेस नुसती." पण गिऱ्हाईक तुटेल म्हणून पुढं बोलत नसे.

पुस्तकं परत यायची ती मतांसकट. स्टोव्ह आणि नायिका यांची झाडाझडती एकाच दमात व्हायची. कचेरीतल्या एका कारकुनाची बायको फळीवर पुस्तक आपटून म्हणाली, "काय मेली रडते हो ही! दोन दिवस आमच्या चुलीपुढं बसवा. डोळ्यांत पाणी उरलं तर मला सांगा." असं म्हणत तिनं स्टोव्ह घेतला, आणि आठवडाभरात त्यालाही नावं ठेवायला हजर. "अहो, केवढा फुरफुरतो! शेजारीण काय बोलते ते ऐकू येत नाही!" विणकरांच्या घरातली एक म्हातारी होती. घरात तेलुगू बोलायची आणि कादंबरी मुलाकडून वाचून घ्यायची. पुस्तक कुठलंही असो, तिचं मत एकच, सासूचं बरोबर होतं. एका बाजाराच्या दिवशी मेंढरं राखणारी एक बाई कंदील घ्यायला आली होती. शेजारी दोघीजणी एका नायिकेबद्दल हळहळत होत्या. ती नायिका भर रात्री रानात निघून जाते. या बाईनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "एकलीच गेली व्हय रानात? आन कंदील न्हाय घेतला? लई येडी की वो!"

मी आत तोंडात पदर कोंबून हसले. हसले खरी, पण लगेच गप्प झाले. हसायलासुद्धा दुसरं माणूस लागतं. वहिनी वाईट नव्हती, पण तिचं माझ्याशी बोलणं म्हणजे "डाळ निवडली का?" आणि "दूध झाकलं का?" दिवसभर पडद्यापलीकडं पन्नास बायका बोलायच्या, त्यातलं एक वाक्य माझ्यासाठी नसायचं. मला तेव्हा फार एकटं वाटे. असं कुणाला सांगायची पद्धत नव्हती, म्हणून आता सांगते.

एका उन्हाळ्यात समोरच्या आळीतली मुलगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. एकोणीस-वीसची असेल. तिनं नेमकी सगळ्यात कडू कादंबरी मागितली. त्यातली नायिका बाळंतपणातच जाते. मी पानं शिवून दिली, नेहमीपेक्षा दोन टाके जास्तच घातले. दुसऱ्या दिवशी दुपारी परसदारी कडी वाजली. बघते तर तीच, घामानं निथळलेली, हातात पुस्तक.

"ताई, शिवलेल्या पानांपर्यंत वाचून झालं. पुढं काय होतं ते तुम्हीच सांगा."

"अगं, दोरा का घातलाय मग? आणि तुझी आई? माझ्या दारात तुला पाहिलं तर घर डोक्यावर घेईल!"

"आई दुपारची झोपते," ती म्हणाली आणि सरळ उंबऱ्यावर बसली. माझ्या उंबऱ्यावर तोवर कुणी बसलं नव्हतं.

काय करू? मी नायिकेला वाचवलं. चांगली सुईण आणली आणि सुखरूप सोडवली. मुलगी ऐकत होती, जुन्या लुगड्याचं दुपटं शिवत होती. निळा दोरा होता तिच्याकडं. ऊन कललं तशी उठली आणि म्हणाली, "उद्या पुढचं." पुढचं म्हणजे काय? शेवट एकदा संपला की ही कशाला येईल?

म्हणून मी तो संपूच दिला नाही. नायिकेच्या मुलाचं बारसं केलं, त्या बारशालाच कितीतरी दुपारी गेल्या. त्याला दात आणले, गोवर आणून उतरवला, रुसलेल्या सासूला तीर्थाला धाडली. मध्येच आम्ही दुकानातल्या बायकांच्या नकला करायचो. मेंढरंवालीचा कंदील सांगितला तेव्हा ती पोट धरून हसली आणि मी घाबरले, "हळू बाई, हळू!" ती तिच्या घरचं सांगायची. नवरा कुर्डुवाडीला रेल्वेत, बहुतेक रात्रपाळी. "रात्री खोलीत मी आणि पाल," ती म्हणायची. "पालसुद्धा चुकचुकते हो, मी तेवढंही करत नाही." मला वाटलं, अरे, ही तर माझ्याच जातीची!

पहिल्या चार-पाच दिवसांतच तिचा निळा दोरा संपला. मी दुकानातलं पांढरं रीळ काढून दिलं. पुढची सगळी दुपटी पांढऱ्या दोऱ्यानं झाली. पुस्तक मात्र तिनं घरीच ठेवलं होतं. मीही मागितलं नाही. पुस्तक परत आलं तर येण्याचं निमित्तही जाईल, असा माझा हिशेब.

मग एका दुपारी ती आली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. माझा जीव थाऱ्यावर नव्हता. त्या पुस्तकातलं पान डोळ्यांपुढून हलेना. मी देवापुढं बसून राहिले. शेवटी दादा दुकानातून हाक मारून म्हणाला, "समोरच्यांकडून बर्फी आलीय गं. मुलगी झाली. दोघी खुशाल." मी बर्फी हातात धरून रडले. वहिनीला वाटलं, मला माझं दुःख आठवलं. वाटू दे.

आता सव्वा महिना झाला की येईल, असं मी मनाशी धरलं. सव्वा महिना झाला, दुसराही सरत आला. मी रोज दुपारी परसदार उघडं ठेवायची. पण तान्ह्या बाळाला घेऊन विधवेच्या दारात कोण येऊ देणार? हे मला कळत नव्हतं का? कळत होतं. तरी कडी काढून बसायची.

एके दिवशी सकाळी दुकानापुढं टांगा थांबला. आधी तिच्या आईचा आवाज आला. मुलगी सासरी निघालीय, गाडीची वेळ होतेय, एक चांगला स्टोव्ह द्या. बाळ-बाळंतीण घराबाहेर पडताना माझं तोंड दिसू नये, म्हणून वहिनीनं पडदा नीट ओढून घेतला आणि मला डोळ्यांनीच दटावलं. दादानं दोन स्टोव्ह पुढं ठेवले, एक आवाजाचा, एक नवीन निघालेला बिनआवाजी. आई म्हणाली, "बिनआवाजीच द्या. बाळ झोपेल."

तेवढ्यात तिचा आवाज आला, मुद्दाम चढवलेला. "आत विचारा ना. आतल्या ताई काय म्हणतात?"

दादानं विचारलं, "काय गं?"

मी म्हटलं, "आवाजाचा घ्या. घरात कुणीतरी आहेसं वाटतं."

ती लगेच म्हणाली, "आवाजाचाच द्या, दादा. आणि हे पुस्तक. ताईंना सांगा, शेवट फार गोड होता."

टांगा निघाला. चाकांचा आवाज विरेपर्यंत मी पडद्याला हात लावला नाही. मग दादानं पुस्तक आत सरकवलं. शेवटची पानं शिवलेली होती तशीच होती. मला बरं वाटलं, पोरीनं वाचलं नाही तर. मग उजेडात धरलं. दोरा निळा होता.

म्हणजे त्या पहिल्या चार-पाच दिवसांतच, निळा दोरा संपायच्या आधी, तिनं माझे लाल टाके कापले होते. नायिका बाळंतपणात मरते हे वाचलं होतं, आणि पानं पुन्हा शिवून टाकली होती. पोटात तेवढी भीती घेऊन ती पुढच्या सगळ्या दुपारी माझ्या उंबऱ्यावर बसली. मी आणलेल्या सुईणीचं, बारशाचं, दातांचं ऐकत राहिली. एकदाही म्हणाली नाही, ताई, खोटं सांगता. शेवट तिला ठाऊक होता. तिला हवी होती सोबत, आणि मला वाटे ती फक्त मलाच हवी आहे.

तो निळा दोरा मी कापला नाही. पुढं कितीतरी जणींनी ती कादंबरी मागितली. दादा विचारी, "काय गं?" पुस्तक माझ्या उशाखाली असे आणि मी आतून सांगे, "बाहेर गेलंय. अजून परत आलं नाही."