विकलेली गाय

गंजाडच्या डेअरीवर रोज सकाळी रांगेत ती माझ्यापुढे असायची. रानशेतची बाई, नाव मी कधी विचारलं नाही. दूध ओतण्याआधी ती कॅनचं झाकण पदराने पुसायची आणि त्या पुसण्याचाही मला राग यायचा. कारण आतलं दूध माझ्या गाईचं होतं. लाथा मारते, पान्हा चोरते म्हणून मीच ती गाय हिला विकली होती. माझ्याकडे मागचे पाय बांधूनही तळ झाकेल एवढंच दूध द्यायची. हिचा कॅन मात्र गळ्यापर्यंत भरलेला!

काहीतरी खास खुराक असणार, म्हणून एका संध्याकाळी मी हिचा गोठाच गाठला. गव्हाणीत आपला साधा भाताचा पेंढा. खाली कोरडं गवत अंथरलेलं. बाई गाईच्या गळ्याखाली खाजवत होती आणि ती लबाड गाय डोळे मिटून रवंथ करत बसली होती.

"बाई, हिला घालतेस तरी काय?"

"तुम्ही घालायचे तेच, दादा. काठी तेवढी नाय दाखवली."

मला पटलं नाही. मी गाईच्या पाठीवर हात ठेवायला पुढे झालो. हात रिकामा होता. तरी गाय धडपडत उठली आणि तिने मागचा पाय उचलला.