मनूदादाच्या घुबडाचा डोळा

केदारचा फोन आला तेव्हा दुपारचे दोन वाजून गेले होते आणि मी रोह्याच्या घरी मागच्या दारात बिरडं सोलत बसले होते. हात ओले, म्हणून फोन पाटावर ठेवूनच स्पीकर लावला आणि सवयीने विचारलं, काय रे, आज काय धाडलंय तुझ्या बाबांनी, परत पाठमोरा बगळा का... हॉलंडमध्ये तेव्हा सकाळ.  तो म्हणाला, "आत्या, बाबा गेले." न्याहारी करून, बूट चढवून, मफलर गुंडाळून मनूदादा खिडकीजवळच्या खुर्चीत बसला होता. कॅमेरा गळ्यात. सून आतून छत्री घेऊन येईपर्यंत सगळं आटपलेलं होतं. मी केदारला काय बोलले ते आठवत नाही. पण फोन ठेवल्यावर मनात पहिला विचार कुठला आला ते मात्र पक्कं आठवतं, आणि सांगायला लाज वाटते. मला वाटलं, आता त्या घुबडाचं कधीच कळायचं नाही.

मनूदादा माझा मावसभाऊ, माझ्याहून चार वर्षांनी मोठा. पेणला गणपतीच्या कारखान्यात आखणी करायचा. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे. अंगाचा रंग, पितांबर, दागिने हे सगळं दुसरे करायचे, आणि शेवटी मूर्ती दादाच्या पुढ्यात यायची. उत्तरेच्या खिडकीखाली त्याचं छोटं टेबल, एका कपात पाणी, दुसऱ्या कपात ब्रश. भुवई, पापणी, बुबुळ, आणि सगळ्यात शेवटी बुबुळात वरच्या बाजूला, किंचित डावीकडे, एक पांढरा ठिपका. तो पडला की मूर्ती बघायला लागायची. मी रोह्याच्या शाळेत जीवशास्त्र शिकवलं, म्हणजे उभा जन्म दुसऱ्यांच्या चुकांखाली लाल रेघा ओढल्या. फटकळ तर इतकी की शाळेतले शिपाईसुद्धा मला चहा देताना आधी स्वतः पिऊन बघायचे. आमच्या दोघांचं कसं जमलं याचं आमच्या आयांना कायम नवल वाटायचं.

जमलं ते एका तक्त्यावरून. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी मला पक्ष्यांचे तक्ते हवे होते. दादाला सांगितलं, पुस्तक दिलं. पंधरा दिवसांनी तक्ते घ्यायला पेणला गेले तर सगळे पक्षी सुरेख, पंखन् पंख बरोबर, पण एकालाही डोळे नाहीत. प्रत्येकाच्या डोक्यात एक पांढरं भोक. मी म्हटलं, हे काय, मुलं घाबरतील ना... तर म्हणे, बगितल्याबिगर डोळा काढत नाय. मी सांगितलं, पुस्तकात लिहिलंय की, भारद्वाजाचा डोळा लाल. त्यावर त्याने विचारलं, "लाल म्हंजे कसला लाल गो? कुंकवाचा, शेंदराचा, का डाळिंबाचा?" आता आली का पंचाईत. जीवशास्त्र मी शिकवत होते, पण भारद्वाजाच्या डोळ्यात नीट बघितलं होतं कोणी?

म्हणून आम्ही बघायला गेलो. पेणहून त्याने पॅसेंजर धरायची, रोह्याहून मी, आणि दोघांनी निडीला उतरायचं. स्टेशनच्या मागे शेतं, पलीकडे झाडोरा. तिसऱ्या रविवारी एक भारद्वाज कुंपणावर असा काही निवांत बसला की दादाने दुर्बीण खाली ठेवलीच नाही, मला मिळालीच नाही. परतताना एवढंच म्हणाला, डाळिंबाचा. तक्ता प्रदर्शन उलटून गेल्यावर पुरा झाला, हेडमास्तरांची बोलणी मी खाल्ली, आणि दादाला पाखरांचं वेड लागलं ते लागलंच. गणपती झाले की त्याला सवड असायची. दिवाळीनंतर भातकापणी आटपली की आम्ही रविवारचे मोकळ्या शेतांतून हिंडायचो. नोंदवही माझ्याकडे. तारीख, जागा, पक्षी, आणि शंका असेल तर पुढे प्रश्नचिन्ह. माझ्या वहीत प्रश्नचिन्हांची कमी नव्हती.

अशाच एका कार्तिकातल्या सकाळी निडीच्या खाचरात, कापलेल्या भाताच्या बुडख्यांतून, आमच्या पायापासून दहा पावलांवर एक घुबड उठलं. दिवसाढवळ्या, जमिनीवरून. मला नुसती पाठ दिसली. दादाला वळताना तोंड दिसलं. तो म्हणाला, डोळा पिवळा, हळदीसारखा, आणि भोवती काजळ. म्हणजे छोट्या कानाचं घुबड, थंडीत दूर उत्तरेकडून येणारं. दुसरं एक लांब कानाचं असतं, त्याचा डोळा केशरी. कान म्हणजे खरे कान नव्हेत, डोक्यावरच्या पिसांचे तुरे. ते पाडून बसलं की दोघं तोंडावरून जुळे भाऊ. मग डोळा हाच काय तो पुरावा. मी त्या दिवशी वहीत छोट्या कानाचं घुबड असं लिहिलं आणि पुढे प्रश्नचिन्ह घातलं नाही. फोटो नव्हता, दुसरा साक्षीदार नव्हता. मनूदादाने बघितलं एवढं मला पुरलं होतं.

पुढे वहिनी गेल्या, केदार नोकरीनिमित्त हॉलंडला स्थायिक झाला आणि बाबांना एकटं ठेवायला तयार होईना. दादा कारखाना सोडायला तयार होईना. मग तोड निघाली. गणपती झाले, दसरा उलटला की तीन महिन्यांच्या व्हिसावर दादाने तिकडे जायचं आणि संक्रांतीच्या आसपास परत यायचं. मी चिडवायचे, सगळी पाखरं थंडीला इकडे येतात आणि आमचं एक उलटं तिकडे जातं. केदारने त्याला कॅमेरा घेऊन दिला. गाव समुद्राकाठी, जमीन पाण्याच्या पातळीखाली, पाणी अडवायला मैलोन् मैल बांध. पहिल्याच आठवड्यात दादाचा फोन आला, हिकडं पन खारेपाट हाय गो, नुसता थंड. पेणच्या खाडीकाठी, भरतीचं पाणी बांधाने अडवलेल्या खाऱ्या जमिनीत वाढलेल्या माणसाला परका देश ओळखीचा वाटला तो असा, बांधावरून.

पानगळीच्या दिवसांत तो रोज त्या बांधावर जायचा. हंसांचे थवे, टिटव्यांचे थवे, वाऱ्यात जागच्या जागी थांबलेला ससाणा. फोटो सांगण्यासारखे नसायचे, पण प्रत्येकात डोळा मात्र लख्ख. बाकी पक्षी धूसर असला तरी चालेल. आवडलेल्या फोटोची दुकानातून चकचकीत प्रत काढून घ्यायची आणि मग कॅमेऱ्यातलं सगळं पुसून टाकायचं, ही त्याची खोड. केदारने डोकं आपटलं, पण दादाचं म्हणणं, छापलं की काम झालं, साठवायचं कशाला. बांधावर तिथल्या पक्षी बघणाऱ्यांची एक लाकडी खोप होती. आत एक फळा, त्यावर त्या मोसमात कोणी काय पाहिलं ते नावासकट लिहायचे. दादाला त्यांची भाषा येत नव्हती, त्यांना दादाची. पण ते त्याला थर्मासमधली कॉफी द्यायचे आणि तो त्यांना बोटाने पक्षी दाखवायचा. त्या फळ्यावर आपलं नाव लागावं ही त्याची हौस. दुसरं त्याने त्या देशाकडे काही मागितलं नाही.

चौथ्या वर्षी, नोव्हेंबर संपता संपता, त्याला ते घुबड दिसलं. सांजेला, बांधाखालच्या वाळल्या गवतात, नुसतं तोंड बाहेर. प्रत काढून तो खोपीत घेऊन गेला. ते लोक चाचरले. काही म्हणाले छोट्या कानाचं, काही म्हणाले लांब कानाचं, आणि तिथल्या नोंदी सांभाळणाऱ्या गृहस्थांना डोळ्याचा पिवळा जरा जास्तच पिवळा वाटला. मूळ फोटो मागितला तर तो पुसलेला. तेव्हा दादाने केदारकरवी त्यांना सांगितलं, माझी बहीण तीस वर्षं नोंदी ठेवते, तिला विचारा, ती सांगेल ते मला कबूल.

केदारने त्या प्रतीचा मोबाइलवर फोटो काढून मला पाठवला. मी तो मोठा करून बघितला. दोन्ही बुबुळांत, वरच्या बाजूला, किंचित डावीकडे, एकेक पांढरा ठिपका. जगात दुसऱ्या कोणाला कळलं नसतं, मला कळलं. मी तासभर फोन हातात धरून बसले. मग शिक्षिका जिंकली. मी लिहिलं, डोळ्यांवर ब्रश फिरला आहे, नोंद धरू नये. त्यांनी धरली नाही.

जानेवारीत दादा परतला तेव्हा मी मुद्दाम पेणला गेले. तो टेबलाशी होता, पुढ्यात मूर्ती. वर न बघता म्हणाला, "डोळा मी काढला नाय गो. होता तोच उजळला. अंधारात बारीक झालता." मी म्हटलं, रंग लागला की पुरावा गेला, मग खाली काय होतं कोण सांगणार... एवढीच खात्री असेल तर पुसून दाखव. त्याने ब्रश पाण्याच्या कपात बुडवला. मग म्हणाला, "केलेली आखणी पुसायची नसते, शाले." हा त्याचा कारखान्यातलाही नेम होता. डोळा चुकला तर मूर्ती बाजूला ठेवायचा, पण लावलेल्या डोळ्याला फडका लावायचा नाही. मला तेव्हा ती पळवाट वाटली. मी चहाही न घेता एसटीने रोह्याला परत आले.

भांडण मात्र त्याने केलं नाही. पुढच्या पानगळीत त्याने मला फोटो पाठवायला सुरुवात केली ते सगळे पाठमोरे. पाठमोरा बगळा, पाठमोरे हंस, पाण्यात डोकं खुपसलेलं बदक. खाली लिहिलेलं, घ्या बाई, डोळा नाय, आता काय काढता चूक. मी हसायचे, आणि हसून झाल्यावर खंतावायचे. तीन मोसम त्याने एकही डोळा मला दाखवला नाही. आणि ते घुबडाचं चित्र कधी पेणला आणलं नाही. ते तिकडेच, त्याच्या पलंगाच्या वरच्या भिंतीवर, चौकटीत.

अस्थी घेऊन केदार आला तेव्हा एक खोकाही आणला. सगळं आटपल्यावर आम्ही दोघं कारखान्यात दादाच्या टेबलाशी बसलो. मालकांनी ते टेबल अजून कोणाला दिलं नव्हतं. खोक्यातून केदारने चौकट काढून माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाला, "आत्या, हे तुझ्याकडे राहू दे, असं ते म्हणायचे." मी चित्र चौकटीतून बाहेर काढलं. पोस्टर कलर चकचकीत कागदात मुरत नाही, ओल्या कापसाने निघतो, हे मला ठाऊक होतं. दादाला तर होतंच. म्हणजे खाली जे काय होतं ते तसंच्या तसं होतं. केशरी निघाला तर माझा भाऊ खोटा. पिवळा निघाला तर मी त्याच्या शेवटच्या हौसेवर पाणी ओतलेलं. दोन्हीकडून मीच मरणार होते. पण खरं सांगते, कपात पाणी घेताना मी एकच गोष्ट मागत होते, मी चुकलेली असू दे.

डावा डोळा आधी घेतला. पहिल्या स्पर्शाला तो पांढरा ठिपका गेला आणि माझा हातच थांबला. मग कापूस पिवळा झाला. मी दुसरा बोळा घेतला, मग तिसरा, तो कोरा निघाला. केदारने कागद खिडकीकडे धरला. डोळा लहान दिसत होता, मळका, सांज उतरलेला. भोवती काजळ. आणि आत पिवळा. हळदीचा, निडीच्या खाचरातला. केशरी नावालाही नाही. त्याने रंगाला धक्का लावला नव्हता, बुबुळाची कड हलवली नव्हती. अंधारात विझत चाललेलं त्याने नुसतं वर आणलं होतं. मी केदारला म्हटलं, मी चुकले रे, आणि मला रडू फुटलं, पण ते दुःखाचं नव्हतं. छातीवरचा धोंडा कोणी उचलून बाजूला ठेवावा तसं झालं. ज्या माणसाने न बघितलेल्या भारद्वाजाला प्रदर्शन उलटेपर्यंत आंधळं ठेवलं, तो न बघितलेला डोळा घुबडाला लावेल कसा? हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. पण कळलं, हेही काही कमी नाही. अशी हलकी मी कैक वर्षांत झाले नव्हते.

केदार दुसरा डोळाही पुसायला निघाला, म्हणजे तिकडच्यांना शंका नको. मी त्याचा हात धरला. म्हटलं, राहू दे, केलेली आखणी पुसायची नसते. एका डोळ्यावर नोंद होत नसेल तर न होवो. त्याने तसाच फोटो काढून खोपीतल्या गृहस्थांना पाठवला, सोबत माझा कबुलीजबाब इंग्रजीत. त्यांचं उत्तर आलं, पुढच्या बैठकीत विचार करू. करा म्हणावं सावकाश. मी त्याच संध्याकाळी रोह्याला आल्यावर जुनी वही काढली आणि निडीच्या घुबडाखालच्या कोऱ्या ओळीत लिहिलं, छोट्या कानाचं घुबड, हॉलंड, पाहणारा मनूदादा. पुढे काही चिन्ह नाही.

चित्र आता माझ्या टेबलावर आहे, चौकटीविना, भिंतीला टेकवून. सकाळी खिडकीतून ऊन तिरपं येतं तेव्हा उजवा डोळा उठून दिसतो, ब्रशचा रंग ना तो. डावा तितका उठून दिसत नाही. पिवळे मात्र दोन्ही सारखेच आहेत.