कानानं पारखलेल्या पुल्या

यंत्रं आणि इलेक्ट्रॉनिक्स यांच्या ज्या जोडीला आज मेकॅट्रॉनिक्स म्हणतात, तिला ऐंशीच्या दशकात बेळगावच्या आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजात कुणी वाली नव्हता. मेकॅनिकलचे सर म्हणत, हे इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांचं. इलेक्ट्रॉनिक्सवाले आम्हाला परत मेकॅनिकलकडे पाठवत. तरी शेवटच्या वर्षाला मी आणि माझ्या मैत्रिणीनं हट्टानं तसलंच एक यंत्र करायला घेतलं. छोटी हातोडी ओतीव पुलीवर टोला देणार, मायक्रोफोन आवाज ऐकणार, तो बद्द आला, म्हणजे पुलीला भेग असली, तर मोटर तिला बाजूला काढणार.

कल्पना माझीच, असं मी ऐटीत सांगायची. खरं तर उद्यमबागेतल्या एका फौंड्रीत, ओतकामाच्या कारखान्यात, माझे वडील, आप्पा, हेच काम कानानं करत. कॉलेजात ते मी कधी बोलले नव्हते. लाज वाटायची, दुसरं काय!

परीक्षा चार दिवसांवर आली आणि यंत्र धडधाकट पुल्याही बाद करू लागलं. नापास होणार, हे दिसतच होतं. मी सर्किट तीनदा तपासलं, मैत्रिणीच्या सोल्डरिंगवर खापर फोडलं आणि घरी येऊन जेवायला नको म्हणाले.

आप्पांनी विचारलं, "पुली ठेवतीस कशावर गं?"

"लोखंडी पाटावर."

"मग आवाज दबणारच की! टांग तिला."

टांगली. ठण्णकन वाजली, आणि यंत्राला फरक कळू लागला.

परीक्षेसाठी आप्पांनी स्वतः दहा पुल्या पारखून आणल्या: नऊ चांगल्या, एक भेगाळ. यंत्रानं दोन बाजूला काढल्या: ती भेगाळ, आणि चांगल्यांतली एक. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी दुसरी पुली उलटसुलट बघितली. "चुकलं यंत्र," ते म्हणाले. आप्पांचा कान चुकत नाही, हे मला ठाऊक होतं. तरी मी पुलीला रॉकेल चोळलं, पुसलं, खडूची पूड लावली. थोड्या वेळानं भेगेत मुरलेलं रॉकेल वर आलं आणि त्या पांढऱ्यावर केसाएवढी काळी रेघ उमटली.

"या पारखल्या कुणी?" परीक्षकांनी विचारलं.

"माझ्या आप्पांनी. फौंड्रीत हेच काम करतात ते. बाहेर उभे आहेत." सगळ्यांसमोर, मोठ्यानं म्हणाले मी.

परीक्षकांनी त्यांना आत बोलावलं, रेघ दाखवली. आप्पांनी पुली बराच वेळ न्याहाळली, मग खो खो हसत सुटले. "पोरीनं मला नापास केलं की वो, साहेब!"

जाताना व्हरांड्यातल्या शिपायालाही थांबवून त्यांनी तेच सांगितलं.