शेवटच्या बाकापासून

सुलोचना सिस्टरांची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा माझ्या उजव्या हाताला आईचा टॉवेल गुंडाळलेला होता. जिच्यावर जीव जडला होता तिचं लग्न ठरून सुपारी फुटल्याचं कळलं आणि मी खिडकीच्या काचेवर बुक्की मारली होती. कॉलेज त्याआधीच अर्धवट सुटलं होतं. अशा माणसानं सिस्टरांच्या गौरवग्रंथात काय लिहावं, असं मी संपादक मंडळाला विचारलं, तर उत्तर आलं, सिस्टरांना जवळून पाहिलेला माणूस हवा आहे. तेवढा मी नक्कीच आहे.

त्या दुपारी नाशिकच्या आमच्या रुग्णालयात कॅज्युअल्टीची बाकं भरली होती. मी टेबलावर हात आपटून विचारत होतो, "रक्त दिसत नाही का कुणाला?" सिस्टर टेबलाशी नव्हत्याच. शेवटच्या बाकापासून एकेकाची विचारपूस करत त्या पुढे येत होत्या. ही त्यांची कायमची पद्धत. नव्या मुलींना त्या सांगतात, "ओरडणाऱ्याचा श्वास चालू आहे, हे लांबूनही कळतं. गप्प बसलेल्याजवळ मात्र जावं लागतं."

शेवटच्या बाकावर माझी आई होती. ती पेशंट नव्हती, माझ्यासोबत आली होती.

"मावशी, एवढा घाम का येतोय?"

"पित्त हाय. आधी पोराचं बघा, लय रक्त गेलं त्याचं."

"जबडा दुखतोय?"

"दाढ ठणकते. त्याचं काय एवढं?"

सिस्टरांनी तिची नाडी पाहिली आणि मनगटावर लाल फीत बांधली. लाल म्हणजे ताबडतोब, पिवळी म्हणजे लवकर, हिरवी म्हणजे थांबता येईल. व्हीलचेअर निघाली तसा मी आडवा गेलो. "अहो, पेशंट मी आहे."

"तू हिरवा. हात वर धरून बस."

ईसीजी निघाला, डॉक्टर धावत आले. आईला हृदयविकाराचा झटका आला होता. इगतपुरीहून माझ्या काळजीपोटी आलेली ती बाई, तिचं नाव कुठेच नोंदलेलं नव्हतं. सिस्टर पुढच्या बाकापासून निघाल्या असत्या तर आज मी हे लिहीत नसतो, आणि आई घरी नागलीचे पापड लाटत नसती.

ती बरी होऊन घरी जाताना सिस्टर मला म्हणाल्या, "आवाज मोठा आहे तुझा. नावं पुकारायला माणूस हवाय." तेव्हापासून मी नोंदणीच्या खिडकीवर आहे.

इथं बसून त्यांचं काम रोज पाहिलं. बरीच वर्षं वॉर्डात काढल्यावर, मुलांची लग्नं होण्याच्या वयात त्या नर्स प्रॅक्टिशनरचं शिक्षण घ्यायला पुन्हा वर्गात बसल्या होत्या. आलेल्या माणसाला तपासून कुणाला आधी आत न्यायचं, हे त्या ठरवतात. आमचे डॉक्टर फोनवर एवढंच विचारतात, "सिस्टरांनी लाल बांधलीय ना? निघालो." आणि शंका असली की सिस्टर स्वतःच म्हणतात, "हे माझ्या हातातलं नाही, डॉक्टरांना बोलवा." त्यात त्यांना कधी कमीपणा वाटला नाही.

ओळखपाळख इथं चालत नाही. एका पुढाऱ्याचा माणूस कान दुखतो म्हणून रांग मोडून आला. सिस्टर शांतपणे म्हणाल्या, "साहेब, तुम्ही उभे आहात, बोलताय, रागावताय. तब्येत छान आहे. बसा." हिरवी फीत बांधून घेऊन ते बसले.

मलाही पुढे एकदा ती फीत मिळाली. त्या मुलीच्या लग्नाच्या दिवशी मी खिडकीत नुसता बसून होतो, नावं पुकारायची राहून गेली होती. सिस्टरांनी येऊन माझं मनगट धरलं, घड्याळाकडे पाहिलं आणि हिरवी बांधली. "दुखतंय, खोटं नाही. पण थांबता येतं. पुढचं नाव घे." ती फीत अजून माझ्या पाकिटात आहे. दुखणंही थोडं आहेच.

सिस्टरांना आता साठावं लागलं. स्वतःचं विचारलं की उत्तर ठरलेलं, "काही नाही रे, पित्त आहे." हे उत्तर मी पूर्वी ऐकलेलं आहे. म्हणून इथं सगळ्यांच्या देखत सांगतो. सिस्टर, तुम्हाला उदंड आयुष्य लाभो, आणि ते धडधाकट लाभो. सत्काराच्या दिवशी तुम्ही व्यासपीठ सोडून मागच्या रांगेत जाऊन बसाल, हे आम्हाला माहीत आहे. आई तुमच्या शेजारची जागा धरून ठेवणार आहे. आणि विचारपूस आम्ही शेवटच्या बाकापासूनच सुरू करणार आहोत.