कानबाईपुढे वाजलेला पहिला डीजे

श्रावणातला सोमवार, धुळ्यातली आमची गल्ली. कानबाई विसर्जनाला निघाली होती... आणि मिरवणुकीच्या मागे एका हातगाडीवर स्पीकर, दुसरीवर जनरेटर लादून माझे धाकटे दीर, विलासभाऊजी, घाम पुसत उभे होते. नव्वद सालानंतरची ही गोष्ट.

डीजे हा शब्द तेव्हा आमच्याकडे पोचलाच नव्हता. लग्न होऊन चाळीसगावहून आले तेव्हा घरात दोन टेपरेकॉर्डर पोट उघडून पडलेले आणि मध्ये दोन्हींचे आवाज एकत्र करायला भाऊजींनी स्वतः जोडलेला मिक्सर. मला वाटलं, दीर टेप दुरुस्त करतात... आठवड्याभरात कळलं, चांगल्या चालू टेप बिघडवतात!

एकदा तर त्यांनी कॅसेटची पट्टीच कात्रीने कापली. वीत-दीड वीत तुकडा घेऊन दोन्ही टोकं चिकटवली आणि तो गोल परत कॅसेटमध्ये बसवला. माझी नखं लांब, म्हणून टोकं धरायचं काम माझ्याकडे.

बटण दाबलं, ठेका सुरू झाला... आणि संपेचना! फिरून फिरून तोच, न थकता, न चुकता. खरं सांगते, माझ्या अंगावर काटा आला होता.

आबांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, हे बिलकूल पटत नव्हतं. त्यांनी ओळखीने एका कंपनीत भाऊजींसाठी नोकरी बघून ठेवली होती. कानबाईला वाजवून दाखव, गल्लीला आवडलं तर तुझं हे चालू दे, नाहीतर मुकाट्याने कामावर जायचं... असं ठरलं होतं. आणि आबा एकदा बोलले की बोलले.

खान्देशाबाहेरच्यांसाठी सांगते... कानबाई श्रावणात रविवारी घरी येते, रात्रभर जागरण होतं, सोमवारी नदीवर जाते. घरातली बाई देवीचा चौरंग डोक्यावर घेऊन चालते, पुढे बायका गाणी म्हणत फुगड्या घालतात. त्या वर्षी देवी सासूबाईंच्या डोक्यावर होती.

भाऊजींनी बटण दाबलं आणि... सगळंच फसलं. खोलीत एकटं बसून, स्वतःचाच पाय आपटत बसवलेला तो ठेका डिस्कोसारखा धावत सुटला. कानबाई कधी धावते का हो? ती दारोदारी थांबते, ओवाळून घेते, मग निघते.

बायकांचं गाणं एकीकडे, स्पीकर दुसरीकडे... दोन ओळींत गाणंच तुटलं. सासूबाई भर रस्त्यात थांबल्या. डोक्यावर देवी, मान वळवता येईना, म्हणून समोर बघतच ओरडल्या, "बंद कर रे ते! हाई कानबाई शे, वरात नई शे!"

भाऊजींनी आवाज बंद केला. आबांनी टोपी काढून झटकून परत घातली... मी मनात म्हटलं, झालं, उद्यापासून आणखी एक डबा भरायचा.

बायकांनी पुन्हा गाणं धरलं, देवी निघाली. भाऊजी गाडी सोडून आईच्या बाजूने चालायला लागले, खाली मान घालून. मला वाटलं लाजले बिचारे... छे! ते पाय बघत होते. सासूबाईंचे अनवाणी पाय, आणि ते पडतील तशी भाऊजींची मान हलत होती.

मग त्यांनी गाडी आईच्या शेजारी आणायला लावली. एका कानाला हेडफोन, हातात घड्याळवाल्याकडचा बारीक स्क्रू ड्रायव्हर. टेपच्या मोटरला मागे एक भोक असतं, आतला स्क्रू फिरवला की टेप हळू किंवा जोरात फिरते. डोळे आईच्या पायांवर आणि बोटं त्या स्क्रूवर... केसभर इकडे, केसभर तिकडे.

टेप हळू झाली तसा तिचा आवाजही खोल झाला, जमिनीखालून यावा तसा. तो गाण्याखाली नेमका कधी येऊन बसला, कुणालाच कळलं नाही. मी गाडीला हात लावून चालत होते, मलाही नाही!

पाऊल पडलं की ठेका. दारापुढे देवी थांबली की आवाज खाली, निघाली की वर. पांझरा नदी जवळ आली, फुगड्यांना जोर चढला, सासूबाईंची पावलं नाचायला लागली... आणि स्क्रू त्यांच्या मागे मागे. एवढी वर्षं झाली, पण तसं दुसरं काही मी पाहिलं नाही.

नदीवर आरतीसाठी भाऊजींनी टेप थांबवली. लगेच सासूबाईंचा आवाज, "आते बंद कसाले करं? वाजाड ना!" सगळी गल्ली हसली. आणि परत येताना जनरेटरची गाडी ढकलत होते... आमचे आबा. नोकरीचा विषय घरात पुन्हा निघाला नाही.

पुढे कीबोर्ड आला, कॉम्प्युटर आला, भाऊजी मुंबईला गेले. आता ते स्वतःचं संगीत तयार करतात आणि मोठमोठ्या मैदानांवर वाजवतात. परवा पुण्यात त्यांचा शो होता, मला हट्टाने नेलं. जिकडे बघावं तिकडे माणसंच माणसं...

आता स्क्रू नाही, सगळं बटणावर. पण सुरू करण्याआधी भाऊजी स्टेजच्या कडेला आले आणि खाली मान घालून बराच वेळ उभे राहिले. माझ्या शेजारची मुलगी मैत्रिणीला म्हणाली, "वायर शोधतोय वाटतं." माझे डोळे भरून आले. सासूबाई आज हव्या होत्या.

मग ठेका कधी सुरू झाला, मला सांगता येणार नाही. खाली बघितलं तर गुडघेदुखीची तक्रार करणारे माझेच पाय... केव्हाचे नाचत होते.